विश्लेषण : सात मृत्यूंनंतर उभे राहिले, दोनदा जळाले… लंडनच्या ‘टॅबरनॅकल’चे सहा खांब अजून कसे टिकून आहेत?

लंडनच्या दक्षिण भागातील एलिफंट अँड कॅसल या भुयारी रेल्वे स्थानकाजवळ रस्त्यालगत सहा उंच दगडी खांब दिसतात. वर त्रिकोणी शिखर, खाली पायऱ्या. पाहणाऱ्याला एखादे ग्रीक मंदिर किंवा मुंबईचे टाऊन हॉल आठवावे, असा थाट. बाजूला जाऊन पाहिले की मात्र गोंधळ होतो. खांबांच्या मागे दिसते ती गेल्या शतकाच्या मध्याची साधी, काटकसरीची इमारत. चेहरा १८६१ चा आणि धड १९५७ चे.

हे आहे मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल, बाप्टिस्ट पंथाचे चर्च. एकेकाळी येथे दर रविवारी पाच-सहा हजार माणसे बसत. ध्वनिवर्धकाशिवाय एकच माणूस त्या सर्वांशी बोलत असे. या इमारतीच्या जन्मामागे एक चेंगराचेंगरी आहे. सात माणसे त्यात गेली, तीही एका खोट्या आरोळीमुळे.

आजूबाजूचा परिसर सध्या ओळखू येणार नाही इतका बदलतो आहे. समोरचे १९६५ चे शॉपिंग सेंटर २०२० मध्ये बंद होऊन पुढच्या वर्षी पाडले गेले. हे खांब मात्र जागेवर आहेत.

बाप्टिस्ट म्हणजे कोण?

ख्रिस्ती धर्मातील बहुतेक मोठ्या पंथांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. कपाळावर पाणी शिंपडले किंवा ओतले की विधी पार पडतो. बाप्टिस्टांना हे मान्य नाही. समजत्या वयात स्वतःहून श्रद्धा जाहीर केलेल्या माणसालाच बाप्तिस्मा द्यायचा आणि तोही संपूर्ण पाण्यात बुडवून, हा त्यांचा आग्रह. म्हणून त्यांच्या चर्चमध्ये एक हौद लागतो. व्यासपीठाच्या खाली किंवा पुढे, सर्वांना दिसेल असा.

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये हा आग्रह सरकारला आव्हान वाटे. राजाचे चर्च एकच, बाकीचे बंडखोर, असा तो काळ. टॅबरनॅकलची मंडळी आपला इतिहास १६५० पासून सांगते. सुरुवातीच्या पाळकांपैकी बेंजामिन कीच यांनी मुलांसाठी एक वाचनपुस्तक लिहिले. त्यात बाळांच्या बाप्तिस्म्याला विरोध होता. त्याबद्दल १६६४ मध्ये त्यांना मान-हात लाकडी खोड्यात अडकवून भर बाजारात उभे केले गेले आणि पुस्तक त्यांच्यासमोर जाळले. अशा लोकांना शहराच्या मध्यभागी देखणी वास्तू बांधता येणार नव्हतीच. गल्लीबोळातली साधी सभागृहे हीच त्यांची जागा.

नंतर छळ थांबला, तरी दुय्यमपणा राहिला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पदवी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या मंडळींना मिळत नसे. ग्रीक खांबांचा तो थाट म्हणूनच केवळ सजावट नाही. आम्ही आता गल्लीत लपणार नाही, असे त्यातून सांगायचे होते.

मराठीशी काही संबंध?

आहे, आणि तो या मंडळीच्या एका जुन्या पाळकापाशी येतो. जॉन रिपन हे १७७३ पासून १८३६ पर्यंत, म्हणजे तब्बल ६३ वर्षे येथे पाळक होते. १७९० पासून काही वर्षे ते ‘बाप्टिस्ट अ‍ॅन्युअल रजिस्टर’ नावाचे प्रकाशन काढत. बंगालमध्ये गेलेल्या विल्यम केरी यांच्या कामाची खबर इंग्लंडमधल्या वाचकांना त्यातून मिळे. हेच केरी बाप्टिस्ट मिशनरी. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते. मराठी छपाईच्या इतिहासात या पुस्तकांना मोठी जागा आहे. लंडनच्या या मंडळीने ती छापली असे अर्थातच नाही, पण ज्या वर्तुळातून केरी आले त्याच्या मध्यभागी ती होती.

१९ वर्षांचा पाळक आणि रिकामे सभागृह

रिपन यांच्या काळातील प्रार्थनागृहाची जागा नव्या लंडन ब्रिजच्या जोडरस्त्यासाठी गेली. मंडळी १८३३ मध्ये थेम्सकाठी न्यू पार्क स्ट्रीटवर आली. जागा सखल, दमट, आजूबाजूला कारखाने. बसायला साधारण १,२०० जणांची सोय, पण बाके ओस.

डिसेंबर १८५३ मध्ये तेथे प्रवचनासाठी खेड्यातून एका तरुणाला बोलावले. चार्ल्स हॅडन स्पर्जन, वय १९, पदवी नाही. पुढच्याच वर्षी ते तेथील पाळक झाले. तेव्हा सभासद होते २३२. वर्षभरात बसायला जागा उरली नाही.

असे काय बोलत होते ते? त्या काळी प्रवचन म्हणजे समोर कागद धरून वाचलेला निबंध. स्पर्जन कागदावर चार-दोन मुद्दे घेऊन उभे राहत आणि बाजारातल्या, शेतातल्या, घरातल्या भाषेत बोलत. विनोद करत, नक्कल करत. आपल्याकडच्या कीर्तनाला बसलेल्याला यात नवल वाटणार नाही. लंडनच्या वृत्तपत्रांना मात्र ते असभ्य वाटले. टीकेमुळे गर्दी आणखी वाढली.

१८५५ मध्ये प्रार्थनागृह वाढवायला घेतले. काम चालू असेपर्यंत स्ट्रँडवरील एक्झिटर हॉल भाड्याने घेतला. तोही भरला. वाढवलेल्या इमारतीत परतल्यावर लक्षात आले की वाढवूनही ती अपुरीच आहे. स्वतःची मोठी वास्तू बांधण्याची चर्चा सुरू झाली. तोपर्यंत काय करायचे? लंडनमध्ये तेव्हा त्याहून मोठे एकच नवे सभागृह होते.

१९ ऑक्टोबर १८५६ च्या रात्री काय घडले?

सरे गार्डन्स म्युझिक हॉल. आधी या बागेत प्राणिसंग्रहालय होते. ते बंद होऊन त्याच वर्षी तेथे सुमारे १० हजार माणसे मावतील असे संगीतगृह उघडले होते. रचना होरेस जोन्स यांची, ज्यांनी पुढे टॉवर ब्रिजचा आराखडा केला. तीन मजली सज्जे, अरुंद जिने.

करमणुकीच्या जागेत रविवारची उपासना, यावरून आधीच कुरबूर होती. संध्याकाळी हॉल भरून वाहिला. आत शिरता न आलेले हजारो लोक बाहेर उभे राहिले. उपासना सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि गर्दीतून आरोळी आली : आग! पाठोपाठ दुसरी : सज्जा कोसळतोय!

आग नव्हती. सज्जाही कोसळत नव्हता. लोक जिन्यांकडे धावले. आत जागा झाली असे समजून बाहेरचे आत घुसू लागले. दोन्ही लोंढे जिन्यावर समोरासमोर आले. सात जण दगावले, २८ जण गंभीर जखमी झाले. ओरडणारा कधी सापडला नाही.

मुंबईकराला येथे थांबावेसे वाटेल. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या (आताचे प्रभादेवी) पुलावर २३ जण गेले. बाहेर पाऊस, अरुंद जिना, वरून उतरणारे आणि खालून चढणारे. फुलवाल्याची फुले पडली तेव्हा ‘फूल गिर गया’ हे लोकांनी ‘पूल गिर गया’ असे ऐकले, अशी माहिती एका जखमी विद्यार्थिनीने चौकशीत दिल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. १६१ वर्षांचे अंतर, पण गणित तेच. जिन्याच्या एका पायरीवर किती माणसे मावतात हे ठरलेले असते. मागचा पुढच्याला ढकलत राहतो, कारण पुढे काय झाले आहे ते त्याला दिसत नाही. पडलेल्याला उठायला जागा उरत नाही. लोक घाबरून मरत नाहीत, छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने मरतात. अशा वेळी ‘लोकांनी धीर धरायला हवा होता’ असे म्हणणे सोपे असते. जिना रुंद करणे खर्चाचे असते.

स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचे होते. लग्नाला वर्षही झाले नव्हते आणि घरी महिनाभराची जुळी मुले होती. सज्ज्याखाली काय चालले आहे हे व्यासपीठावरून त्यांना नीट कळले नाही. लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगत ते काही वेळ बोलत राहिले. मृत्यूंची बातमी कळल्यावर ते कोसळले. पुढचे काही दिवस ते कोणाशी धड बोलण्याच्याही अवस्थेत नव्हते. वृत्तपत्रांनी दोष त्यांच्यावरच ठेवला. नंतर आयुष्यभर त्यांना नैराश्याचे झटके येत राहिले. त्याबद्दल ते आपल्या विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोलत. व्हिक्टोरियन काळातील पाळकासाठी हे धाडसच होते.

महिनाभराने ते त्याच हॉलमध्ये परतले, पण सकाळच्या वेळी. डिसेंबर १८५९ पर्यंत तेथे उपासना चालल्या.

१८५७ आणि स्पर्जन

भारतीय वाचकाला माहीत असावा असा एक प्रसंग याच दरम्यानचा. आपल्याकडे १८५७ चा उठाव पेटला होता. ब्रिटिश सरकारने ७ ऑक्टोबरला राष्ट्रीय उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस पाळायला सांगितला. त्या दिवशी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन यांचे भाषण झाले. दरवाजावरच्या मोजणीनुसार हजर होते २३,६५४ जण. ध्वनिवर्धक तर नव्हताच.

भाषणात काय होते? बंड करणाऱ्या शिपायांना कठोर शिक्षा व्हावी, ही मागणी. हिंदू धर्माबद्दल अत्यंत कडवट शब्द. अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध इतके तिखट बोलणारा की तेथील दक्षिणेकडच्या राज्यांत ज्याची पुस्तके जाळली गेली, तोच हा माणूस. साम्राज्याच्या प्रश्नावर मात्र तो आपल्या काळाच्या चौकटीतच उभा होता. त्यांच्या चरित्रांत २३,६५४ हा आकडा मोठ्या कौतुकाने येतो. ती गर्दी कशासाठी जमली होती हे तेवढ्या ठळकपणे येत नाही.

ग्रीक खांबच का?

नव्या वास्तूसाठी न्यूइंग्टन येथे फिशमाँगर्स कंपनी या मासे विक्रेत्यांच्या जुन्या संघाची जागा मिळाली. जागा भाडेपट्ट्याची नको, कायमच्या मालकीची हवी, हा स्पर्जन यांचा हट्ट होता. आराखड्यासाठी स्पर्धा ठेवली आणि अट घातली : गॉथिक चालणार नाही.

इंग्लंडमध्ये तेव्हा चर्च म्हणजे गॉथिक, असे समीकरण झाले होते. टोकदार कमानी, उंच मनोरे, रंगीत काचा. मुंबईचे तेव्हाचे व्हिक्टोरिया टर्मिनस आणि राजाबाई टॉवर नंतर त्याच लाटेतून आले. स्पर्जन यांचा युक्तिवाद असा की बायबलचा नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, तेव्हा बाप्टिस्टांची वास्तूही ग्रीकच हवी. युक्तिवाद थोडा ओढूनताणून वाटतो. व्यवहाराच्या बाजूने मात्र निर्णय चोख होता. गॉथिक चर्चमध्ये मधले खांब आड येतात, आवाज उंच छतात घुमतो आणि मागच्याला वेदी दिसली तरी शब्द ऐकू येत नाहीत. बाप्टिस्टांच्या उपासनेत ऐकणे हेच मुख्य.

विल्यम विल्मर पोकॉक यांचा आराखडा घेतला आणि बांधकाम विल्यम हिग्ज यांच्याकडे दिले. आत काय केले, ते पाहिले की हे चर्च कमी आणि नाट्यगृह जास्त वाटते. सुमारे १४६ फूट लांब आणि ८१ फूट रुंद दालन. चारही बाजूंनी फिरणारे दोन मजली सज्जे. उंच, अरुंद व्याख्यानपेटीऐवजी जिना असलेले प्रशस्त, गोलसर व्यासपीठ, आणि त्याखाली बाप्तिस्म्याचा हौद. सर्वांत लांबचा श्रोताही वक्त्यापासून शक्य तेवढा जवळ यावा, असा हा हिशेब. ऑर्गन नव्हता. सूर लावून देणारा एक माणूस असे आणि पाच हजार कंठ त्याच्यामागून गात. तळघरात व्याख्यानाचे दालन आणि मुलांच्या रविवारच्या शाळेची जागा होती. स्पर्जन यांनी गरीब घरांतील होतकरू पाळकांसाठी काढलेले महाविद्यालयही सुरुवातीची वर्षे तेथेच भरे.

नाव ठेवले टॅबरनॅकल. जुन्या करारात वाळवंटातून भटकणाऱ्या इस्राएली लोकांचा जो तंबू होता, त्याचे हे नाव. मराठी बायबलमध्ये त्याला ‘निवासमंडप’ म्हणतात. मंदिर कायमचे, मंडप तात्पुरता. आपली वास्तूही वाटेवरचा मुक्कामच आहे, असे स्पर्जन यांनी नावाचे कारण सांगितले होते. सहा हजारांची इमारत बांधून तिला मंडप म्हणायचे, यात थोडी गंमत होती. पुढे आगीने ती गंमत खरी केली.

कर्जाशिवाय ३१ हजार पौंड

ऑगस्ट १८५९ मध्ये पायाचा दगड बसवला सर सॅम्युएल मॉर्टन पेटो यांनी. पेटो हे त्या काळातले सर्वांत मोठ्या रेल्वे कंत्राटदारांपैकी एक. ट्राफल्गार चौकातला नेल्सन स्तंभ आणि ब्रिटिश संसदेची इमारत यांच्या बांधकामात त्यांच्या कंपनीचा हात होता. ते स्वतः बाप्टिस्ट होते.

खर्च ३१ हजार पौंडांहून अधिक झाला. दारे उघडतील त्या दिवशी एक पैचेही देणे असता कामा नये, ही स्पर्जन यांची अट. पैसे जमवण्यासाठी ते गावोगाव प्रवचने देत फिरले. जमलेल्या दानातला निम्मा वाटा त्या गावच्या मंडळीला, निम्मा टॅबरनॅकलला. देणगीदारांत लेखक जॉन रस्किन होते, त्यांनी शंभर पौंड दिले. रस्किन म्हणजे ज्यांच्या ‘अनटू धिस लास्ट’वरून गांधीजींनी ‘सर्वोदय’ लिहिले ते. गंमत अशी की गॉथिक शैलीचे इंग्लंडमधील सर्वांत मोठे पुरस्कर्तेही तेच.

मार्च १८६१ मध्ये टॅबरनॅकल उघडले, कर्जमुक्त. पाया रचणाऱ्या पेटोंना हे जमले नाही. रेल्वेचे डोलारे कर्जावर उभे होते. मे १८६६ मध्ये ओव्हरेंड-गर्नी ही लंडनची मोठी पेढी बुडाली आणि तिच्यासोबत पेटोंची कंपनीही गेली. मुंबईत कापसाचा फुगा फुटून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

पुढची तीस वर्षे येथे जागेचीच चणचण होती. नियमित येणाऱ्यांना तिकिटे होती. उपासनेच्या काही मिनिटे आधी दारे इतरांसाठी उघडत. नव्या लोकांना जागा मिळावी म्हणून स्पर्जन आपल्याच सभासदांना मधूनमधून एखाद्या रविवारी संध्याकाळी येऊ नका, अशी विनंती करत. एवढी गर्दी, पण सरे गार्डन्सची पुनरावृत्ती झाली नाही. प्रवचने दर आठवड्याला एका पेनीला छापून विकली जात. पाळक १८९२ मध्ये गेले, तरी ही छपाई १९१७ पर्यंत चालू राहिली. पहिल्या महायुद्धातील कागदटंचाईने ती थांबली, तेव्हा ६३ खंड झाले होते.

अखेरच्या काळात स्पर्जन यांचे आपल्याच पंथाशी बिनसले. नव्या विचारांच्या नावाखाली मूळ श्रद्धा पातळ होते आहे, असे म्हणत १८८७ मध्ये ते बाप्टिस्ट युनियनमधून बाहेर पडले. ३१ जानेवारी १८९२ रोजी फ्रान्समधील माँताँ येथे त्यांचे निधन झाले. पार्थिव टॅबरनॅकलमध्ये ठेवले, तेव्हा सुमारे ६० हजार लोक दर्शन घेऊन गेले. सभासदांची संख्या तोवर पाच हजारांवर होती.

दोन आगी

पहिली आग एप्रिल १८९८ मध्ये लागली. भर दिवसा लागलेल्या या आगीत सभागृह पूर्ण खाक झाले. तेव्हा पाळक होते थॉमस स्पर्जन, म्हणजे सरे गार्डन्सच्या रात्री महिनाभराचे असलेल्या जुळ्यांपैकी एक. इमारत पुन्हा बांधली आणि १९०० मध्ये उघडली. आसने थोडी कमी, थाट साधारण तोच.

दुसरी आग १० मे १९४१ च्या रात्री. जर्मन विमानांचा लंडनवरचा हा सर्वांत भीषण हल्ला. एका रात्रीत १,४०० हून अधिक माणसे मेली. एलिफंट अँड कॅसलचा परिसर सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी एक होता. पाण्याचे नळ फुटलेले, थेम्सला ओहोटी, अग्निशमन दलाच्या हाती पाणीच नाही. टॅबरनॅकल दुसऱ्यांदा जळाले.

दोन्ही वेळा दोन गोष्टी उरल्या : दर्शनी खांब आणि तळघर. त्यामागे चमत्कार शोधायची गरज नाही. दालनाच्या आत जळण्यासारखे भरपूर होते : लाकडी सज्जे, बाके, छताचा लाकडी सांगाडा. मोठे, सलग, उंच दालन म्हणजे आगीच्या दृष्टीने धुराडेच. ज्वाळा वर जातात, छत पेटते आणि आत कोसळते. दर्शनी भाग म्हणजे मात्र दालनाच्या पुढे जोडलेला, तीन बाजूंनी उघडा दगडी ओसरा. त्यात पेटायला काही नाही आणि उष्णता कोंडून राहायला जागा नाही. तळघर जमिनीखाली. ज्या ओळखीच्या खुणा आज वारसा म्हणून जपल्या जातात, त्या केवळ ज्वलनशील नव्हत्या म्हणून उरल्या.

सहा हजारांची इमारत पुन्हा का बांधली नाही?

कारण सहा हजार माणसे उरली नव्हती. दक्षिण लंडनची वस्ती उपनगरांकडे सरकत होती आणि बॉम्बहल्ल्यांनी उरलीसुरली घरे घेतली. चर्चला जाण्याची सवयही ब्रिटनभर ओसरत होती. मंडळी तळघरात उपासना करत राहिली. १९५७ मध्ये जुन्या खांबांमागे नवी इमारत उभी राहिली, ती उरलेल्या माणसांच्या मापाची.

हा निर्णय तेव्हा काहींना नक्कीच लागला असणार. पण तो शहाणपणाचा होता. युरोपात रिकाम्या पडलेल्या चर्चची आज दुकाने, सदनिका, गिर्यारोहणाचा सराव करण्याच्या भिंती झाल्या आहेत. हे चर्च चर्चच राहिले. युनियनशी संबंध १९५५ मध्ये पुन्हा जुळला आणि १९७१ मध्ये पुन्हा तुटला. १९७० मध्ये पीटर मास्टर्स पाळक झाले तेव्हा मंडळी अगदी लहान झाली होती. त्यांच्या काळात ती पुन्हा वाढली. शिकवण अजूनही स्पर्जन यांच्याच वळणाची, कडक पारंपरिक.

आजूबाजूला आता काय चालले आहे?

पुनर्विकास. चर्चपासून जवळच हेगेट इस्टेट ही सत्तरच्या दशकातील महापालिकेची वसाहत होती. हजाराहून अधिक घरांची. २०११ ते २०१४ दरम्यान ती पाडली. नव्या इमारतींत जुन्या रहिवाशांना किती जागा मिळाली, यावरून तेथे वर्षानुवर्षे वाद चालला. चाळी आणि वसाहतींच्या पुनर्विकासाच्या बातम्या वाचणाऱ्याला त्यातले मुद्दे पाठ असतील. शेजारी ४३ मजल्यांचा स्ट्राटा टॉवर २०१० मध्ये झाला. त्याच्या माथ्यावर तीन पवनचक्क्या बसवल्या आहेत, त्या क्वचितच फिरताना दिसतात.

भागाच्या नावाचा हत्तीही येथे अजून आहे. पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती ही मूळची एका जुन्या खानावळीची खूण. किल्ला म्हणजे काय, तर आपल्याकडची अंबारी. इंग्लिश चित्रकारांनी ती बुरुजासारखी काढली इतकेच. स्पेनच्या राजकन्येवरून हे नाव पडले, ही लोकप्रिय गोष्ट खरी नाही.

टॅबरनॅकलला आता ब्रिटनच्या वारसा यादीत ‘ग्रेड टू’ दर्जा आहे. म्हणजे परवानगीशिवाय ते पाडता किंवा बदलता येत नाही. स्पर्जन यांची कबर येथे नाही, ती काही किलोमीटर दक्षिणेला वेस्ट नॉरवुडच्या दफनभूमीत आहे. सरे गार्डन्सचे ते संगीतगृह आता नाही. टॅबरनॅकल उघडले त्याच वर्षी, १८६१ मध्ये, ते आगीत जळाले.